मालूनं दोनदा वाचलेलं पत्र

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. साल १९७४, जून महिना. आप्पांनी माझी पत्र्याची ट्रंक टपावर चढवली, दोरीची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरून नुसते उभे राहिले. ते तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. त्यांच्या सदऱ्याला तंबाखूचा इतका वास असायचा की खिडकीशी बसलेली एक बाई लागोपाठ चार वेळा शिंकली. आई स्टँडवर आलीच नाही. वळलेल्या विड्या त्याच सकाळी पोचवायच्या होत्या हे खरं, पण कारण ते नव्हतं. दारातच ती म्हणाली होती, "जातीस तर जा. पर कुनी इचारलं तर पोरगी नोकरीला गेलीया म्हनीन. नर्स म्हननार न्हाय."

माझी धाकटी बहीण मालू तेव्हा चौदा वर्षांची. गाडी हलली तरी ती खिडकीच्या बाजूनं चालत होती. रडली वगैरे नाही. तिला एकच गोष्ट विचारायची होती, ती पांढरी टोपी पहिल्याच दिवशी देतात का. मला कुठं माहीत होतं? गप घरी जा, म्हणाले. मी तेव्हाही तोंडाची फटकळच होते.

आमच्या सीमाभागातल्या खेड्यांतून पुढं कितीतरी मुली या कामाला गेल्या. कुणी बेळगावात राहिल्या, कुणी पुण्याला, एकदोघी थेट मस्कतला. हे वाचून त्यांना आपापली ट्रंक आठवेल. पण मला खरं बोलायचं आहे ते ज्यांना जायचं होतं आणि ज्या गेल्या नाहीत त्यांच्याशी. माझी बहीण त्यांच्यातली. तिला दुसऱ्या कुणी अडवलं नाही, मी अडवलं. इतकी वर्षं झाली तरी ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

बेळगावात मराठीवर भागतं असं गावात सगळ्यांनी सांगितलं होतं. बाजारात भागायचं. वॉर्डात निम्मे पेशंट कन्नड बोलणारे. पहिल्या आठवड्यात मी दोन शब्द शिकले, 'नोवु' म्हणजे दुखणं आणि 'नीरु' म्हणजे पाणी. एवढे दोन आले की निम्मी ड्यूटी निभावते. उरलेली निम्मी मेट्रनबाईंची बोलणी खाण्यात जायची. चादरीला एक सुरकुती राहिली तर अख्खी खाट पुन्हा करायला लावायच्या.

पहिल्या सुट्टीत घरी गेले तर आईनं आधी परड्यात अंघोळीचं पाणी ठेवलं, मयताहून आलेल्या माणसाला ठेवतात तसं. तिच्या मते मी रोज मयताहूनच येत होते. अंघोळ करून आत येईपर्यंत मालूला दम नव्हता. पेशंट झोपलेला असताना त्याच्या खालची चादर कशी बदलतात, हे तिला बघायचं होतं. आप्पा हौशी. ते घोंगड्यावर आडवे झाले आणि लेकीसाठी जरा कण्हलेसुद्धा. मी त्यांना एका कुशीवर वळवून जुनी चादर गुंडाळत नेली, नवी पसरली, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन ओढून काढली. मग मालूनं केलं. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा एक सुरकुती राहिली नाही, आणि वळवताना आप्पांच्या मानेखाली हात घालायचं मी सांगितलंही नव्हतं, तो तिनं आपणहून घातला. मला तेवढं जमायला दीड महिना लागला होता. बरं जमलं, एवढंच मी म्हणाले. चुलीजवळून आई म्हणाली, "एक लई झाली घरात."

आमच्या घरी पत्र वाचायची मालूच, आणि लिहायचीही तीच. आई-आप्पांना अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी आप्पा वखारीतून आले, हातपाय धुऊन बसले, की मालू दिव्याजवळ उभी राहून मोठ्यानं वाचायची. "ती. आप्पांस शि. सा. नमस्कार" इथपासून शेवटच्या सहीपर्यंत. शेजारच्या बायकाही कधीमधी यायच्या. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते सांगते.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात मालू एसएसएलसी पास झाली. आप्पांचं पत्र आलं, अर्थात तिच्याच अक्षरात. मालूसुद्धा तिकडेच नर्सिंगला यायचं म्हणते, तुझं मत कळव, तू म्हणशील तसं करू. 'नर्सिंगला' हा शब्द तिनं जरा ठळक काढला होता.

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते आणि तो आठवडा माझा वाईट चालला होता. त्याच्या आदल्याच रविवारी मला बघायला संकेश्वरचं स्थळ येऊन गेलं होतं. मुलगा कारकून, माणसं चांगली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, पुरुषांच्या वॉर्डातही जावं लागतं का? जावं लागतं, म्हणाले. बेडपॅन पण? हो, ते पण. त्यांनी चहा संपवला, कपबशा नीट खाली ठेवल्या आणि गेले. आईनं ते कप दुसऱ्या दिवशीपर्यंत तसेच ठेवले होते. बेळगावला परत आले तर ड्यूटीवर एका पेशंटनं अंगावर उलटी केली, आणि दुसऱ्याच कुणाच्या हातून फुटलेल्या थर्मामीटरबद्दल सगळ्या वॉर्डासमोर मला ऐकून घ्यावं लागलं. होस्टेलवर येऊन कपडेही न बदलता मी पत्र लिहिलं.

त्यातलं वाक्य न् वाक्य मला पाठ आहे. 'मालूला या कामाला पाठवू नका. लोकांची घाण काढायची, वरून बोलणी खायची, आणि गावात मान खाली घालून चालायचं. एवढं करून यात समाधान म्हणून काही नाही. तिला टीसीएचला घाला, मास्तरीण होऊ दे. निदान एका पोरीबद्दल आईला चारचौघांत बोलता येईल.' पत्र आप्पांना होतं. वाचणार मालू होती. हे लिहिताना एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. पत्र वाचणाऱ्या पोरीचं आमच्याकडं कुणीच मनात आणत नसे. तिचा आवाज तेवढा आपला, मजकूर मोठ्यांचा.

त्यानंतर माझी ड्यूटी धनुर्वाताच्या खोलीत लागली. खानापूरकडचा एक शेतकरी, पायात फाळ लागलेला. ती खोली अंधारी ठेवावी लागते, खिडक्यांना काळं कापड, कारण उजेड लागला किंवा चमचा जरी पडला तरी पेशंटचं अंग धनुष्यासारखं ताठतं. आम्ही चपला बाहेर काढून जायचो. इंजेक्शनं डॉक्टर लिहून द्यायचे, पण माणूस वाचतो की जातो हे पुष्कळसं शेजारी बसणारीवर असायचं. कधी लाळ काढायची, कधी हळूच कूस बदलायची, नळीतून किती पाणी घालायचं. तीन आठवडे मी त्या अंधारात बसले. एका सकाळी त्याचा जबडा सैल झाला. मी चमच्यानं पेज भरवली, ती त्यानं गिळली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलला, "बाई, पेजंत मीठ घालाया इसरलीसा काय?" मी बाहेर व्हरांड्यात येऊन हसले आणि मग रडले. असं आनंदानं रडणं मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून हे काम माझं झालं, ते शेवटच्या ड्यूटीपर्यंत.

आप्पांचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. सुंदर, गोल अक्षर. 'तुझ्या म्हणण्याप्रमाणे मालूचा फॉर्म टीसीएचला भरायचं ठरवलं आहे. तिची काही हरकत नाही.' ते वाक्यही तिनंच लिहिलं होतं.

फॉर्मची मुदत संपायला अजून दिवस होते. मी आंतर्देशीय पत्र काढलं, वर पत्ता घातला. आत एक ओळ लिहायची होती, येऊ दे तिला. लिहिली नाही. आत्ताच नाही म्हटलं, आता हो म्हटलं तर आप्पा काय म्हणतील, ही एक लाज. आणि दुसरं, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आईनं एका तरी पोरीचं नाव बाहेर उघड घ्यावं असं मला वाटत होतं, आणि ते माझं तर होणार नव्हतं. शिवाय एका पेशंटनं मीठ मागितलं म्हणून मला समाधान मिळालं, असं कुणी पत्रात लिहितं का? कष्ट लिहायची आम्हाला सवय, सुख लिहायची नाही. तो कोरा कागद ट्रंकेत तसाच राहिला आणि मुदत गेली.

मालू मास्तरीण झाली. नेमणूक मिळाली ती जांबोटीच्याही पुढं, रानातल्या एका वस्तीवर. गाडी चुकली तर पाच-सहा मैल चालत जायचं, पावसाळ्यात भाताची रोपं लावायला पोरं गेली की वर्गात बाकं आणि बाई. पण नोकरी सरकारी, अकरा ते पाच, मे महिन्याची सुट्टी. आई बाजारात थांबून थांबून सांगायची, धाकटी शाळेत बाई हाय. खानापूरचा एक शिक्षकच नवरा मिळाला, भला माणूस.

माझंही लग्न झालं, जरा उशिरा. हे उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत होते. पायावर तापलेलं लोखंड सांडून आमच्या वॉर्डात आले होते, पंधरा दिवस ड्रेसिंग मी केलं. सासूबाईंना काय वाटलं तो वेगळाच विषय आहे. आम्ही दोघं कामावरून आल्यावर कधी बोलत बसायचो, कुणाचं काम बरं. हे म्हणायचे, साच्यातून नग बिनखोट निघाला की छाती भरून येते, पण पुढं तो कुठल्या पंपात बसला ते कळत नाही. आईला मी एकदा विचारलं होतं, विड्या वळताना बरं वाटतं का गं? ती म्हणाली होती, "हजार वळल्या तरी एकीचं त्वांड ध्येनात ऱ्हात न्हाय. बरं कशाचं वाटतंय?" माझ्याकडं बघा. खाटेवर आणलेला माणूस आपल्या पायांनी दारातून बाहेर जाताना वळून मान हलवायचा. पगार ह्यांच्याहून कमी, मान मालूहून कमी, कंबर दुखायची ती तिघांहून जास्त, आणि तरी सकाळी ड्यूटीला जाताना मला कधी जड वाटलं नाही. मग मी समजून चालले की मास्तरीण तर माझ्याहूनही सुखात असणार.

एकदा तिच्या शाळेत गेले होते. कपाटात खडूच्या पेटीशेजारी टिंक्चरची बाटली, कापूस, उकळून ठेवलेल्या पट्ट्या. मधल्या सुट्टीत दोन बाया पोरांची गळवं दाखवायला आल्या. मालूनं हात धुतले, पोराला मांडीवर घेतलं आणि असं काही हळू काम केलं की पोर रडायचंच विसरलं. साहेबांनी तपासणीत शेरा दिला होता, वर्ग अत्यंत स्वच्छ, अध्यापन साधारण. तो शेरा दाखवून ती हसली. मीही हसले. बाई आहेस की डॉक्टरीण, अशी थट्टा केली आणि तीनच्या गाडीनं परत आले. शहाणी म्हणवणारी मी, पण समोरचं दिसलं नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. तीन आठवडे आमच्याकडंच ॲडमिट होती, मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आईलाही घरच हवं होतं. मला सातवा महिना होता. मालू बिनपगारी रजा काढून गावी गेली. मी मनात हिशेब केला तो चांगला नव्हता. घरी नेलेला असा पेशंट महिन्याभरात पाठीला जखमा घेऊन परत येतो, हाड दिसेपर्यंत खोल. मी असे कितीतरी धुतले होते. बाळंतपणामुळं मला हलता येईना, आणि पत्रात मालू फक्त लिहायची, आई बरी आहे, काळजी करू नको. मला वाटायचं, कळत नसेल तिला.

बाळाला सव्वा महिना झाल्यावर गावी गेले. दारात पाऊल टाकताना मी श्वास धरला होता, कारण तो वास मला ओळखीचा होता. वास आलाच नाही. बाळ आप्पांकडं दिलं आणि आधी आईला कुशीवर घेऊन पाठ बघितली. चार महिने अंथरुणावर असलेल्या बाईच्या पाठीवर साधा लाल डाग नव्हता. कमरेच्या हाडावर नाही, खांद्यावर नाही, टाचांवर नाही. टाचांखाली कापडाच्या चुंबळी होत्या, डोक्यावर घागर घेताना करतो तशा, पण मऊ लुगड्याच्या. भिंतीला शाळेची पाटी टांगलेली, तिच्यावर तास लिहिलेले आणि पुढं 'डावी, उताणी, उजवी' अशा खुणा. एकही तास रिकामा नव्हता. पाटीखाली माझी पहिल्या वर्षाची वही होती. मी ती केव्हाच घरी टाकून गेले होते. तिला नवीन कव्हर घातलेलं होतं.

मी अकरा वर्षं वॉर्डात काढली होती, पोरींना शिकवत होते. अशी पाठ मी स्वतः कुणाची ठेवली असती का, हे मला आजही सांगता येत नाही.

आप्पा सोप्यात नातवाला घेऊन बसले होते. मी त्यांना म्हटलं, मालूनं कमाल केली. आप्पा खुशीत होते. "तिचं कल्यान तू केलंस बग. तुझं ते पत्र आलं तवा मी तिच्याकडनं दोनदा वाचून घेतलं. पैल्यांदा माजा इस्वास बसंना. म्हटलं, पुन्यांदा वाच. तिनं पुन्यांदा वाचलं, सावकाश." बाळानं त्यांची मिशी धरली आणि ते हसू लागले.

मी परड्यात गेले. मालू चादरी वाळत घालत होती. मी एकदम विचारलं, ते पत्र बदलून का नाही वाचलंस? आप्पांना काय कळणार होतं? तिला कुठलं पत्र हे विचारावं लागलं नाही. चादरीचं दुसरं टोक तिनं माझ्या हातात दिलं, दोघींनी मिळून झटकली. मग म्हणाली, "तू लिवलं हुतंस आक्का. तू तितं काम करत हुतीस, मी कुटं बगितलं हुतं? तू समादान न्हाय म्हनलीस, मला वाटलं, नसंल."

"आणि मग कधी कळलं?"

"तू सुट्टीला यायचीस तवा. पेशंटाचं सांगाया लागलीस की मी तुजं त्वांड बगायची." "आईचं असं झालं, त्येचं वाईट वाटतंय. पर खरं सांगू? हे चार म्हयनं माझं लई चांगलं गेलं." बोलून गेल्यावर ती घाबरली. आईनं ऐकलं की काय म्हणून दाराकडं पाहिलं.

हजारो नातेवाइकांची मी समजूत घातली होती. माझं चुकलं गं, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, पाठ फार चांगली ठेवलीस. तेही सिस्टर म्हणून म्हणाले, बहीण म्हणून नाही.

आई पुढं तीन आठवड्यांनी गेली. तिला शेवटची अंघोळ घालताना बायका म्हणाल्या, अंग किती स्वच्छ राहिलंय. तेराव्यानंतर मी बेळगावला येऊन मेट्रनबाईंना विचारलं, माझ्या बहिणीला अजून ट्रेनिंगला घेता येईल का? वयाची अट उलटून गेली होती. जांबोटीच्या गाडीवर तिला सोडायला गेले तेव्हा हे सांगितलं. "असू दे आक्का," ती म्हणाली, "उद्या शाळा उघडायची हाय." नंतर पुष्कळ वर्षं तिनं ती शाळा उघडली.

आप्पा आमच्याकडं राहायला आले आणि गावच्या घराला कुलूप लागलं. गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर मी बेळगाव सांगते. आता कन्नड मला मराठीइतकंच येतं. पण घर म्हटलं की मला ना माझं क्वार्टर आठवतं, ना मी जन्मले ती खोली. आईच्या उशाशी भिंतीला टेकून मालू बसायची तेवढी जागा आठवते. त्या घरातल्या चौघांत आपल्या खऱ्या कामावर बसलेलं माणूस मी तिथंच पाहिलं, चार महिन्यांपुरतं. मी तिथं बाळ घेऊन आलेली पाहुणी होते.

माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मालू आली होती, पहिल्या रांगेत माझी शाल सांभाळत बसली होती. एका शिकाऊ मुलीनं उठून विचारलं, सिस्टर, इतक्या वर्षांत दुसरं काही काम करावंसं वाटलं नाही? या कामात समाधान मिळालं? मिळालं, मी म्हणाले. टाळ्या झाल्या. मालूनंही वाजवल्या. दोघींच्या वाट्याचं मला एकटीला मिळालं, हे तिच्यासमोर बोलायला माझं तोंड उघडलं नाही.